तीन लोंब्या, पाच किलो बियाणं आणि एक पावती

पुण्यात, मुंबईत, नागपुरात, कुठल्याही किराणा दुकानात ‘एचएमटी कोलम’ मागितला की दुकानदार हातातलं काम न सोडता पोत्याकडे बोट दाखवतो. बारीक दाणा, मोकळा भात, रोजच्या जेवणाला परवडणारा भाव. नावातली तीन अक्षरं मात्र एकेकाळी मनगटी घड्याळं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची आहेत. ज्या शेतकऱ्यानं हे वाण निवडून, वर्षानुवर्षं जपून तयार केलं ते दादाजी रामाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं गाव आहे, तिथले. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. पोत्यावर त्यांचं नाव नसतं.

तळागाळातल्या कल्पक माणसांना खुल्या व्यासपीठावर जागा द्यायची, हे आता सरकारी योजनांत, कंपन्यांच्या कार्यक्रमांत, विद्यापीठांच्या इनोव्हेशन सेलमध्ये सगळीकडे ऐकू येतं. पोर्टलं निघतात, स्पर्धा होतात, अर्ज मागवले जातात. असं व्यासपीठ बांधायला निघालेल्या प्रत्येकानं एचएमटी धानाचं प्रकरण सुरुवातीपासून समजून घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. एका शेतकऱ्याच्या नजरेतून निघालेली गोष्ट लाखो ताटांत पोहोचली, म्हणजे ज्ञान खुलं होण्यात काहीच कमी पडलं नाही. आणि त्याच वाटेवर त्या शेतकऱ्याचं नाव गळून पडलं. ते कुठे गळलं, हे या प्रकरणात बोट ठेवून दाखवता येतं. म्हणूनच ते अभ्यासाला इतकं उपयोगाचं आहे.

बांधीतली निवड

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखाला झाडीपट्टी म्हणतात. इथे भाताचं खाचर म्हणजे बांधी, रोपं म्हणजे पऱ्हे आणि लावणी म्हणजे रोवणी. १९८३ साली दादाजींच्या बांधीत ‘पटेल ३’ हे वाण होतं. जबलपूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेलं हे वाण. त्या उभ्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्यावर पिवळसर छटा होती. त्यांनी त्या काढून घेतल्या आणि दाणे प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवले.

इथे जरा थांबू, कारण पुढचा सगळा वाद या कृतीचं मोल किती यावरच आहे. धान हे स्वपरागी पीक. त्याच्या फुलातलं परागीकरण बहुतांशी आतल्या आत उरकतं, शेजारच्या रोपाचा पराग क्वचितच लागतो. त्यामुळे एकसारख्या धानात एखादं रोप वेगळं उठलं, तर त्यामागे बियाण्यातली सरमिसळ असते, क्वचित झालेला नैसर्गिक संकर असतो किंवा उत्परिवर्तन, म्हणजे रोपाच्या आनुवंशिक गुणांत आपोआप झालेला बदल. असं रोप कुठल्या ना कुठल्या बांधीत दर हंगामात उठत असणार. बहुतेकांना ते दिसत नाही. दिसलं तरी कापणीच्या घाईत विळा त्यावरून फिरतो आणि ते बाकीच्या पेंढीबरोबर खळ्यावर जातं. ते बाजूला काढायचं, पुढच्या वर्षी वेगळं पेरायचं, आलेल्या पिकातून पुन्हा मनाजोगी रोपं निवडायची, त्यांचं बी वेगळं ठेवायचं आणि हे काही वर्षं न कंटाळता चालू ठेवायचं. स्वपरागी पिकात अशी निवड टिकते, कारण पुढच्या पिढ्या आईसारख्याच निघत जातात. पैदासशास्त्राच्या भाषेत याला शुद्ध वंश निवड म्हणतात. संशोधन केंद्रातही तिची सुरुवात नजरेपासूनच होते.

१९८४ मध्ये दादाजींनी ते मोजके दाणे शेताच्या मधोमध पेरले. जंगल जवळ, रानडुकरांचा उपद्रव, म्हणून भोवती काटेरी झुडपांचं कुंपण घातलं. हे कुंपण मला या प्रकरणातली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते. दीड एकरवाल्याला प्रत्येक वाफ्यातून घरचं पोट भरायचं असतं. त्यातला तुकडा अडवायचा, काटे तोडून आणायचे, त्यांची राखण करायची, तेही तीन लोंब्यांच्या दाण्यांसाठी. संशोधनावरचा खर्च म्हणतात तो हाच. त्याचं बिल कुठे फाटत नाही, एवढंच.

दाणे वाढले तसं धान शिजवून पाहिलं. ‘पटेल ३’पेक्षा दाणा बारीक होता आणि चवीलाही उजवा. मग दर वर्षी निवड आणि दर वर्षी वेगळी साठवण. १९९० च्या सुमारास एका मोठ्या शेतकऱ्यानं त्यांच्याकडून बियाणं नेऊन जास्त क्षेत्रावर लावलं, उतारा चांगला आला आणि माल तळोधीच्या बाजारात गेला. वाणाला नाव नव्हतं. त्या काळात एचएमटीचं घड्याळ हातात असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. व्यापाऱ्यानं तेच नाव धानाला दिलं.

नाव हरवण्याची पहिली जागा ही. यात कुणाचा वाईट हेतू होता असं मला वाटत नाही. माल ओळखायला व्यापाऱ्याला एक शब्द हवा होता, लोकांच्या तोंडी असलेला चांगला शब्द त्यानं उचलला. पण वाणाचं नाव एकदा बाजारात रुळलं की ते पुसता येत नाही. बियाणं शेतकऱ्याकडून शेतकऱ्याकडे गेलं ते ‘एचएमटी’ म्हणून. नांदेड गाव मागे राहिलं, दादाजी त्याहून मागे.

पाच किलो

१९९४ मध्ये सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्रानं प्रयोगासाठी दादाजींकडून पाच किलो बियाणं नेलं. हे केंद्र अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं. १९९८ मध्ये विद्यापीठानं ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावानं वाण प्रसारित केलं. हे माझंच वाण आहे आणि त्याचं श्रेय मला मिळालं नाही, असं दादाजी शेवटपर्यंत सांगत राहिले. विद्यापीठाची बाजू अशी होती की शेतकऱ्याकडचं बियाणं मिश्र होतं, ते शुद्ध करून नवं वाण म्हणून दिलं.

दोन्ही बाजूंचं काम ओळखल्याशिवाय या प्रकरणातून काही शिकता येणार नाही. शुद्धीकरण हे खरं काम आहे. वेगवेगळ्या लोंब्यांच्या वेगवेगळ्या ओळी लावायच्या, वेगळी दिसणारी रोपं उपटून टाकायची, अनेक ठिकाणी चाचण्या घ्यायच्या, मग मूलभूत, पैदासकार, पायाभूत आणि प्रमाणित अशा पायऱ्यांनी बियाणं वाढवायचं. एकट्या शेतकऱ्याला हे जमणारं नाही. प्रमाणित बियाणं झाल्याशिवाय ते सरकारी यंत्रणेतून दूरवर जात नाही, हेही खरं. पण शुद्ध करायला आधी काहीतरी हातात असावं लागतं. ते ‘काहीतरी’ नांदेडच्या बांधीतून, काटेरी कुंपणातून, सलग हंगामांच्या निवडीतून आलेलं होतं. शुद्धीकरणानं पहिली निवड पुसली जात नाही. पुस्तकाची दुरुस्त आवृत्ती काढणाऱ्यानं मूळ लेखकाचं नाव मुखपृष्ठावरून काढलं तर आपण ते सहन करणार नाही. बियाण्याच्या बाबतीत मात्र ते खपून जातं.

खपून गेलं, कारण त्या पाच किलोंच्या देवाणघेवाणीत नावाचं काय होणार आणि परतावा काय मिळणार, हे ठरवणारी कोणतीच चौकट १९९४ मध्ये देशात नव्हती. वाणांच्या हक्काचा कायदा २००१ मध्ये आला, जैवविविधता कायदा २००२ मध्ये. शेतकरी विश्वासानं देतो, संस्था तिच्या नेहमीच्या पद्धतीनं घेते, आणि दोघांच्या मध्ये काहीच लिहिलेलं नसेल तर ज्याच्याकडे छापखाना आणि शिक्का आहे त्याचं नाव टिकतं.

कुणासाठी खुलं?

‘खुला नवोपक्रम’ ही संज्ञा अमेरिकन प्राध्यापक हेन्री चेसब्रो यांनी २००३ मध्ये रूढ केली. विचार मोठ्या कंपन्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता: सगळं संशोधन आपल्याच चार भिंतींत होत नाही, तेव्हा बाहेरच्या कल्पना आत घ्या आणि आपल्याकडे पडून असलेल्या बाहेर जाऊ द्या. त्याच्या दोन वर्षं आधी, २००१ मध्ये, एली लिली या औषध कंपनीच्या पाठबळानं इनोसेंटिव्ह हे व्यासपीठ सुरू झालं होतं. कंपनी आपला अडलेला प्रश्न तिथे मांडते, जगभरातले जाणकार उत्तरं पाठवतात, निवडलेल्या उत्तराला बक्षीस मिळतं आणि त्यावरचा हक्क कंपनीकडे जातो. रसायनशास्त्रज्ञासाठी हा सौदा स्वच्छ आहे. त्याला प्रश्न वाचता येतो, अटी कळतात, पटलं नाही तर तो भाग घेत नाही.

हीच रचना नांदेडला नेली तर पहिल्याच पावलाला अडते. दादाजींना प्रश्न कुणीच विचारला नव्हता. त्यांनी स्वतःला पडलेला प्रश्न स्वतःच्या शेतात सोडवला होता आणि उत्तर पिशवीत बांधून ठेवलं होतं. गावोगावचे सुतार, लोहार, पंप दुरुस्त करणारे, जनावरांना औषध देणाऱ्या बाया यांचंही तसंच आहे. उत्तर तयार असतं. ते अडलेल्या दुसऱ्या माणसापर्यंत जात नाही, किंवा गेलं तर नावाशिवाय जातं. म्हणून अशा व्यासपीठाला आधी पायी फिरून उत्तरं शोधावी लागतात.

हे काम भारतात झालेलं आहे आणि त्याचा आपल्याला अभिमान असायला हवा. अहमदाबादच्या आयआयएममधले प्राध्यापक अनिल गुप्ता यांना १९८० च्या दशकात एक गोष्ट खटकू लागली. लोकांकडून शिकलेल्या गोष्टींवर ते इंग्रजीत लिहीत होते, त्याचा लाभ त्यांना मिळत होता, पण ज्यांनी ते ज्ञान दिलं त्यांना ते लेखन वाचताही येत नव्हतं. त्यातून दशकाच्या शेवटी ‘हनी बी नेटवर्क’ उभं राहिलं. मधमाशी पराग घेते तेव्हा फुलाचं काही कमी होत नाही, आणि तिच्यामुळे एक फूल दुसऱ्याशी जोडलं जातं, ही त्यामागची प्रतिमा. त्यातून निघालेले नियम साधे आहेत: ज्याचं ज्ञान त्याचं नाव लावायचं, त्याच्या भाषेत ते परत द्यायचं, मिळकत झाली तर त्यात त्याचा वाटा ठेवायचा. १९९३ मध्ये ‘सृष्टी’ ही संस्था निघाली. १९९८ पासून शोधयात्रा सुरू झाल्या. उन्हाळ्यात तापलेल्या मुलखात आणि हिवाळ्यात थंडीच्या मुलखात, गावांतून पायी, तिथल्या लोकांच्या भेटी घेत. २००० मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या मदतीनं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान स्थापन झालं. मूळचे गोव्यातल्या माशेलचे रघुनाथ माशेलकर दीर्घकाळ त्याचे अध्यक्ष होते.

या प्रतिष्ठाननं दादाजींचं काम राष्ट्रीय पातळीवर आणलं. २००५ मध्ये राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये फोर्ब्सनं भारतातल्या ग्रामीण उद्योजकांची यादी छापली, तिच्यात त्यांचं नाव होतं. राज्य सरकारचा कृषिभूषण पुरस्कारही मिळाला. एवढं सगळं होऊनही घरची ओढाताण संपली नाही. शेवटची काही वर्षं पक्षाघातानं जखडलेली गेली. ३ जून २०१८ रोजी गडचिरोलीच्या शोधग्राममधल्या रुग्णालयात त्यांचं निधन झालं.

सालं शेजारी शेजारी मांडून पाहा. लोंब्या १९८३ च्या, पाच किलो १९९४ चे, विद्यापीठाचं वाण १९९८ चं, राष्ट्रीय सन्मान २००५ चा. देशातलं सर्वांत चांगलं व्यासपीठसुद्धा पाच किलो गेल्यानंतर अकरा वर्षांनी पोहोचलं. त्याला दोष देता येणार नाही, १९९४ मध्ये ते अस्तित्वातच नव्हतं. पण आज जे व्यासपीठ बांधतात त्यांनी एवढं मात्र ठरवायला हवं की आपण पुरस्काराच्या दिवशी हजर असणार की पाच किलो घरातून निघतात त्या दिवशी.

बी मोकळं, नाव राखीव

२००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा मला या विषयातला फार सुंदर आराखडा वाटतो. तो व्यासपीठ उभारणाऱ्यांनी वाचायला हवा. या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बियाणं राखायला, पुन्हा पेरायला, अदलाबदल करायला, वाटायला आणि विकायलाही मोकळीक दिली आहे. संरक्षित, म्हणजे कायद्यानं कुणाच्या नावे नोंदलेल्या वाणाचंसुद्धा. बंधन एकच: संरक्षित वाणाचं बियाणं ब्रँड लावून विकता येणार नाही. म्हणजे बी शेजाऱ्याच्या कणगीत मोकळेपणानं जाऊ द्या, पण त्यावर शिक्का मारून बाजार मांडायचा असेल तर हक्कदाराकडे या. अनिल गुप्तांनी मांडलेली सामाईक तंत्रज्ञानाची कल्पनाही याच वळणाची आहे. माणसानं माणसाचं पाहून करावं, कंपनीनं मात्र परवाना घ्यावा.

दादाजींच्या धानाला नेमकं हेच लागू पडलं असतं. ते बांधीतून बांधीत फिरलं ते अडवून ठेवणं कुणालाच शक्य नव्हतं, आणि दादाजींनी कधी अडवलंही नाही. झाडीपट्टीत बियाणं मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत.

याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. नव्या वाणाच्या नोंदणीसाठी अर्ज करणाऱ्यानं मूळ वाणाची सगळी माहिती द्यायची, ते कुठल्या भागातून घेतलं ते सांगायचं आणि त्यात एखाद्या शेतकऱ्याचा किंवा गावाचा वाटा असेल तर तोही नमूद करायचा. १९९४ चं भोक कागदावर तरी इथे बुजलं. नोंदणीची फी शेतकऱ्याला माफ आहे. शेतकऱ्याचं वाण आधी बाजारात विकलं गेलं असलं तरी ‘शेतकरी वाण’ म्हणून नोंदता येतं. नव्या वाणाला मात्र भारतात एक वर्षाहून आधीची विक्री चालत नाही. पेटंटचा मार्ग तर बियाण्याला आणि वनस्पतीला बंदच आहे.

अडचण कायदा कुठे जागा होतो याची आहे. तो नोंदणीच्या टेबलावर जागा होतो. अर्जदारानं शेतकऱ्याचा वाटा लिहिला नाही, तर हरकत घ्यायची कुणी? अर्जांची माहिती वाण नोंदणीच्या नियतकालिकात छापून येते, ठरलेल्या मुदतीत हरकत घ्यावी लागते. नांदेडच्या शेतकऱ्यानं ते वाचावं ही अपेक्षा कोण ठेवणार? आणि हरकत घेतली तरी पुरावा काय? पाच किलो कधी दिले, कुणाला दिले, काय सांगून नेले?

पावती

म्हणून मी व्यासपीठाची आखणी पावतीपासून सुरू करीन. वेबसाइटपासून नाही. संशोधन केंद्राचा माणूस, विद्यार्थी, स्वयंसेवी संस्थेचा कार्यकर्ता किंवा कंपनीचा प्रतिनिधी जेव्हा शेतकऱ्याच्या ओसरीवरून नमुना उचलतो, तेव्हा दोन प्रतींत मराठी पावती व्हायला हवी. तारीख, गाव, देणाऱ्याचं पूर्ण नाव, नमुना किती, वाण कसं आणि किती वर्षांत तयार झालं ते दोन ओळींत, नमुना कशासाठी नेला, त्यातून काही प्रसिद्ध झालं तर देणाऱ्याचं नाव कुठे आणि कसं छापणार, तिसऱ्याला देण्याआधी विचारणार की नाही. खाली नेणाऱ्याची सही, हुद्दा आणि फोन नंबर. सगळी पावती वाचून दाखवायची, मगच अंगठा किंवा सही. एक प्रत शेतकऱ्याच्या लोखंडी पेटीत सातबाऱ्याच्या उताऱ्याशेजारी जाईल, दुसरीचा फोटो तिथल्या तिथे व्यासपीठावर चढेल. तारखेसह चढलेला तो फोटो हा शेतकऱ्याचा पुरावा.

त्या पावतीत वाणाच्या नावाचा रकानाही हवा, आणि तो शेतकऱ्यानं भरलेला हवा. बाजारात पोतं उतरण्याआधी नाव ठरलेलं असावं.

प्रतिष्ठानची पूर्वसंमतीची पद्धत याच्या जवळ जाते. माहिती कुणाला सांगायची, किती सांगायची, मोबदला हवा का, हे आधी विचारून घेतलं जातं. मी फक्त म्हणतो की ती संमती संस्थेच्या कार्यालयात न राहता देवाणघेवाणीच्या क्षणी, देणाऱ्याच्या हातात पडावी.

उघड किती करायचं हा प्रश्न यंत्रांच्या बाबतीत फार नाजूक आहे. पेटंटसाठी कल्पना आधी प्रसिद्ध झालेली चालत नाही. एखाद्या मिस्त्रीनं केलेल्या जुगाडाचा व्हिडिओ उत्साही कार्यकर्त्यानं व्यासपीठावर टाकला, की त्या मिस्त्रीचा पुढचा दरवाजा बंद होतो, आणि त्याला ते कळतही नाही. म्हणून नोंद दोन थरांची हवी. वरच्या थरात नाव, गाव, कोणती अडचण सुटली आणि यंत्र काय करतं एवढंच, सगळ्यांना दिसणारं. आतलं ‘कसं’ कुलपात, आणि ते कुलूप कधी उघडायचं हे विचारूनच.

अर्ज कोण भरणार

एकदा एका शेतकऱ्यासाठी एका पोर्टलवर अर्ज भरायला मी त्यांच्या घरी बसलो होतो. त्यांनी धानातलं गवत काढायला स्वतः एक अवजार बनवलं होतं. जुन्या सायकलची चकती, वाकवलेल्या पट्ट्या, हातात धरायला बांबू. अवजाराबद्दल ते तासभर बोलले. चिखल किती ओला असला की पट्ट्या भरतात, रोवणीनंतर कितव्या दिवशी ते चालवायचं, बाईच्या हाताला बांबू किती उंच हवा. अर्जात मात्र दोनशे शब्दांत इंग्रजी सारांश हवा होता, मग ‘बाजारपेठेचा आकार’, मग पीडीएफ. ओटीपी यायला उशीर झाला आणि पान बंद पडलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यांची बायको चहा घेऊन आली आणि सहज म्हणाली, बांबूची उंची मी सांगितली होती. अर्जात नाव लिहायची जागा एकच होती.

त्या दिवसापासून माझं मत पक्कं झालं आहे. अर्ज बोलून भरता यायला हवा, त्या त्या भागाच्या मराठीत. माणूस बोलेल, शेजारी बसलेला ऐकेल, विचारेल, नोंदवेल. तो शेजारचा माणूस म्हणजे गावातला शिक्षक, कृषी सहायक, बचत गटाची ताई, जवळच्या कॉलेजचा विद्यार्थी. त्याला या कामाचे पैसे मिळायला हवेत आणि नोंदीवर त्याचंही नाव असायला हवं. व्यासपीठाच्या अंदाजपत्रकात सॉफ्टवेअरपेक्षा या माणसांवरचा खर्च मोठा असायला हवा. नाव लिहायची जागा एकाहून जास्त हवी, आणि कुणी काय केलं तेही. झाडीपट्टीत रोवणी बाया करतात, घरातलं बियाणं बहुधा त्यांच्या हाताखाली असतं, आणि नोंदीत घरधन्याचं नाव येतं.

हरकतीच्या मुदतीचं कामही व्यासपीठानंच करायला हवं. वाणांच्या नोंदणीत आलेले अर्ज दर महिन्याला कुणीतरी वाचायचे, पावत्यांशी ताडून पाहायचे, आणि जुळलं तर त्या शेतकऱ्याला मराठीत फोन करायचा: तुमच्याकडून नेलेल्या बियाण्याशी जवळचं दिसणारं वाण नोंदणीला आलंय, मुदत अमुक तारखेपर्यंत आहे, आम्ही बरोबर येतो. ही सेवा नसेल तर कायद्यातली तरतूद तिथेच पडून राहते.

पैशाबद्दल

इथे आशा दाखवणं सोपं आहे, म्हणून जपून लिहितो. एचएमटीसारख्या धानावर दर किलोमागे स्वामित्वधन गोळा करता येणार नाही. जो शेतकरी बी घरचंच राखतो त्याच्याकडून घ्यायचं काय? आणि घेऊही नये. पैसा जिथे जमा होतो तिथेच हात घालता येतो: प्रमाणित बियाण्याची पिशवी विकली जाते तिथे, आणि ब्रँडचं पाकीट विकलं जातं तिथे. प्रमाणित बियाण्याच्या किमतीतला अगदी छोटा वाटा मूळ निवडणाऱ्याच्या नावानं बाजूला पडला असता, तरी दादाजींच्या औषधपाण्याला दर महिन्याला काहीतरी हाताशी राहिलं असतं. कायद्यात लाभाच्या वाटपाची आणि त्यासाठी निधीची तरतूद आहे. पण शेतकऱ्यानं दावा करायचा, तो सिद्ध करायचा, मग निधीतून काही मिळायचं, ही वाट लांब आहे.

पुरस्काराची रक्कम एकदा येते आणि लग्नात, दवाखान्यात, कर्जात जिरते. म्हणून वयस्क नवोपक्रमकर्त्याला मासिक मानधन आणि आरोग्याचं कवच ही व्यासपीठाची बाब आहे असं मी मानतो. दयेचा यात संबंध नाही. संशोधन संस्थेतल्या पैदासकाराला निवृत्तिवेतन मिळतं, आपण ते योग्य मानतो. त्याच पिकात तेवढीच निवड करणाऱ्या शेतकऱ्याला निवृत्तीच नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान झाला, नाव घरोघरी गेलं, याचा आनंदच आहे. पण अशा बँका चालवणाऱ्या, ज्यांचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा बायांच्या गाडग्या-मडक्यांचा, शेणाच्या लिंपणाचा, दर वर्षी बी ताजं करण्याच्या कष्टांचा रोजचा खर्च अजून कुठल्या हिशेबात धरलेला नाही.

नोंदवहीच्या पुढे काय, याही प्रश्नाला देशातली व्यासपीठं अजून अडखळतात. नोंदी लाखांच्या घरात गेल्या, त्यातल्या फार थोड्यांना साचा, चाचणी, कर्ज, विक्रेता मिळाला. गोळा करणं हा सोपा भाग होता, असं आता म्हणावं लागतं.

नांदेड गावाकडे परत येतो. एचएमटीनंतर दादाजी थांबले नाहीत. त्यांनी आणखी वाणं काढली: नांदेड ९२, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न. ही नावं वाचताना लक्षात येतं की पहिल्या वाणाचं नाव बाजारानं ठरवलं होतं, पुढच्या नावांत त्यांचं गाव शिरलं. आणि एक वाण आहे डीआरके. दादाजी रामाजी खोब्रागडे. ते बियाणं मागायचं तर त्यांच्या नावाची अक्षरं उच्चारावीच लागतात. ज्याला व्यासपीठ म्हणतात त्यातलं कुठलंही यंत्र हाताशी नसताना हे झालं.

एचएमटीच्या पोत्यांचं अजूनही काही करता येईल. गिरणीवाले, पॅकिंगवाले, बियाणं महामंडळं यांनी पिशवीच्या मागच्या बाजूला, वजन आणि तारखेच्या खाली, एक ओळ छापावी: मूळ निवड, दादाजी रामाजी खोब्रागडे, नांदेड, ता. नागभीड, जि. चंद्रपूर. पिशवी तशीही छापायचीच असते.